बिनकोर्टाचे वकील

सरळच सांगतो, मला त्यांचा हेवा वाटायचा. ते जाऊन वर्षं झाली, घराला कुलूप आहे, ओसरीवर माडाची चुडतं पडून कुजताहेत, तरी अजून वाटतो.

आमच्या गावात वकील कमी नाहीत. पण मासळीबाजारात उभं राहून कोणी परक्या माणसाने ‘वकील खंय रवतत?’ असं विचारलं की सगळे हात त्यांच्या घराच्या दिशेने व्हायचे. मी तिथंच काळा कोट हातावर टाकून बांगड्यांचा भाव करत उभा असलो तरीसुद्धा. त्यांना लोक ‘वकिलानू’ म्हणायचे. मला अजूनही ‘रे झिला’ म्हणतात, म्हणजे ‘अरे मुला’. एकदा तर माझ्याच एका पक्षकाराने माझ्यासमोर दुसऱ्याला सांगितलं, “आमचो झील बघता कोर्टाचा. पण काय अडला तर मगे वकिलांका इचारूया.”

माझ्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं. बाबा दुसऱ्याच्या होडीवर जायचे, आई टोपली घेऊन बाजारात बसायची. मी कुडाळला राहून बी.ए. झालो, कोल्हापूरला जाऊन वकील झालो. सनद मिळाली तेव्हा आईने पेढे नाही वाटले, वाडीत घरटी सुरमईचे तुकडे वाटले. हे मी मिरवायला सांगत नाही, असं म्हणणार होतो. पण मिरवायलाच सांगतोय. मिरवण्यासारखंच आहे.

आणि त्यांच्याकडे? आजा वकील, बाप वकील. कातडी बांधणीची कायद्याची पुस्तकं भिंतभर. मला जी पुस्तकं वाचायला ग्रंथालयात नंबर लावावा लागायचा, ती त्यांच्याकडे वाळवी खात होती. या माणसाने ऐन उमेदीत कोर्टात जायचं सोडून दिलं. का सोडलं, ते कोणालाच माहीत नाही. विचारणाऱ्याला दर वेळी वेगळं कारण मिळायचं. एकाला म्हणाले, “थयल्या बाकांत ढेकूण आसत.” दुसऱ्याला, “न्यायाधीश माज्या वर्गातलो निघालो. तेका साहेब म्हणताना माका हसू येय.” मी विचारलं तेव्हा माझ्या बुटांकडे बघत म्हणाले, “तुज्यासारखे बूट नाय होते रे माज्याकडे.”

वकिलीचा कोट त्यांनी काजूच्या बागेतल्या बुजगावण्याला घातला होता. खरंच. माकडं फार झाली म्हणून. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा जवळ जाऊन त्याची कॉलर झटकली. माझा कोट आई स्वतः इस्त्री करायची, आणि तो घालून मी घरातून निघालो की दारात उभी राहून बघायची. यांचा तिथं काठीवर लटकून उन्हात करपत होता. त्यांना ते दिसलं असावं. म्हणाले, “सुरवातीक भियाली माकडा. आता तेच्याच खांद्यार बसान काजू खातत. कोटाचा असाच आसता.”

कमरेच्या वर ते वकील होते आणि खाली बागायतदार. म्हणजे वर पांढराशुभ्र कडक इस्त्रीचा शर्ट, खाली गुडघ्यापर्यंतची खाकी चड्डी आणि चिखलाच्या चपला. हातात बारमाही छत्री. अशा वेशात ते नगरपरिषदेत गेले की शिपाई उठून उभा राहायचा.

काम म्हणाल तर ते एकच करायचे. बांधकामाच्या नोटिसा.

आमच्याकडे पर्यटक यायला लागल्यापासून प्रत्येकाच्या घराला काहीतरी फुटलं आहे. कोणाला वरची खोली, कोणाला पडवी, कोणाला बाहेरून जिना, कोणाला चार बाथरूम. परवानगी कोण काढणार? माणसं आधी बांधतात, मग देवाला नारळ ठेवतात, मग पाहुणे घेतात, आणि या सगळ्यानंतर कधीतरी शेजारी अर्ज करतो. मग नगरपरिषदेची नोटीस दारावर चिकटते. अशा वेळी रस्ते दोनच. एक माझा, म्हणजे कोर्टात जा, मनाईहुकूम आणा, तारखा घ्या. दुसरा त्यांचा. नियमात मुळीच बसत नाही तेवढं आपल्या हाताने पाडा, बसवण्यासारखं आहे त्याचं तडजोड शुल्क भरा, तो दंड धरा हवं तर, आणि उरलेलं कायदेशीर करून घेऊन झोपा.

ही काही त्यांनी शोधून काढलेली युक्ती नव्हती. कायद्यातच आहे, मलाही पाठ होतं. पण माझ्याकडून ऐकलं की माणसं म्हणायची, “म्हणजे पाडूचाच ना? मगे तुका वकील कित्याक केला?” तेच वाक्य ते बोलले की माणसं घरी जाऊन घण शोधायची. यात कुठला न्याय होता, मला सांगा.

त्यांची पद्धत मी दुरून पाहिली आहे. दुरून म्हणजे, कधी पक्षकार हातातून निसटल्यावर त्याच्या मागोमाग जाऊन.

पहिली गोष्ट म्हणजे ते कागद बघायचे नाहीत. नोटीस पुढे केली की म्हणायचे, “ता ऱ्हवांदे. माका आधी थय बसव.” थय म्हणजे जो भाग बेकायदा आहे तिथं. बाल्कनी असेल तर बाल्कनीत, संडास असेल तर संडासाच्या दाराशी खुर्ची टाकून. आणि तिथं बसून खायला मागायचे. खानावळ चालवणारी एक बाई होती, तिने शेजाऱ्याच्या हद्दीला चिकटून अख्खं स्वयंपाकघर काढलेलं. त्यांनी त्या स्वयंपाकघरात पाटावर बसून कुळथाची पिठी आणि भात खाल्ला, वर सुक्या बांगड्याचा तुकडा मागून घेतला, आणि हात धुताना म्हणाले, “बाय, ह्या रांदपाघर पाडूक माजो जीव व्हयत नाय. पण ही भिंत मातर पाडूया. वारो येतलो, तुजेच डोळे चुरचुरूचे रवतले.” बाई पदराने डोळे पुसत हो म्हणाली. त्याच बाईला मी वीस मिनिटं कलमं समजावली होती. मला तिने साधं पाणीही विचारलं नव्हतं.

दुसरी गोष्ट म्हणजे छत्री. ते अंतर छत्रीने मोजायचे, आणि चुकीचं मोजायचे.

दोन सख्खे भाऊ होते. थोरल्याने जिना बाहेर काढला, धाकट्याची खिडकी काळोखात गेली, धाकट्याने अर्ज केला. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, बायका तर एका विहिरीवर येत नव्हत्या. हे गेले, भिंतीपासून जिन्यापर्यंत छत्री आडवी ठेवत ठेवत गेले आणि जाहीर केलं, “तीन छत्रये. काय एक अडचण नाय.”

धाकटा उसळला, “तीन? वकिलानू, दोन पण भरूची नाय!”

थोरलाही म्हणाला, “दोन भरतत. पण तीन नाय हां वकिलानू. तुमी मधी छत्री उचललास.”

“मी उचललंय?”

“उचललास!” दोघं भाऊ एका आवाजात म्हणाले. मग थोरला आत जाऊन टेप घेऊन आला, धाकट्याने त्याचं दुसरं टोक धरलं, आणि मोजताना आपण एकच टेप धरली आहे हे दोघांच्याही लक्षात आलं. वकील बाजूला कट्ट्यावर बसून विडी शिलगावत होते.

मला त्यांची ही लबाडी तिथल्या तिथं कळली. वाटेत गाठून मी म्हटलं, “तुम्ही मुद्दाम चुकलात.”

“मगे?”

“अंतर दोन छत्र्यांपेक्षा कमी होतं. मी नुसत्या नजरेने सांगितलं असतं.”

“सांगितलं असतंस,” ते म्हणाले. “आणि ते दोगव तुज्या अंगार इले असते. शाणो मेलो.”

याचा मला राग आला, तो अजून गेला नाही. कारण ते बरोबर होतं आणि मला ते करता येण्यासारखं नव्हतं. ज्याच्या घरात आजा-बाप वकील, त्याला चारचौघांत चुकण्याची चैन परवडते. मी चुकलो असतो तर लोक म्हणाले असते, होडीवाल्याचा मुलगा, त्याला कुठून येणार. मी आयुष्यात एकही गोष्ट मुद्दाम चुकलेलो नाही. परीक्षेतसुद्धा जे चुकलं ते खरोखर येत नव्हतं म्हणून.

तिसरी गोष्ट म्हणजे गाऱ्हाणं.

आमच्याकडे देवासमोर गाऱ्हाणं घालतात, ते कोणाला सांगायला नको. एकाने देवाला सगळं मोठ्याने सांगायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. यांनी ते उचलून थेट बांधकामावर आणलं. तडजोड ठरली की पाडायच्या भिंतीसमोर पानावर नारळ ठेवायचे, चपला काढायचे आणि डोळे मिटून सुरू करायचे. त्या भावांच्या जिन्यासमोर घातलेलं मी कानांनी ऐकलंय.

“बा देवा म्हाराजा, तू ह्या गावचो राखणदार आसंस.”

“व्हय म्हाराजा!”

“आज ह्या थोरल्या लेकरान, नगरपरिषदेक न इचारता, भावाक न सांगता, जिनो भायर काढल्यान.”

“व्हय म्हाराजा!”

“धाकट्यान रागान अर्ज केल्यान. तेचोव दोष नाय. तेचा घर काळोखात गेला.”

“व्हय म्हाराजा!”

“तर काय वाकडा-तिकडा झाला आसात ता पोटात घाल, जिनो मागच्या अंगाक जावंदे, आणि ह्या दोगांच्या बायलांका एका बावडेर पाणी भरूची बुद्धी दी.”

“व्हय म्हाराजा!” यात बायकांचा आवाज सगळ्यात मोठा होता.

आता मजा बघा. अर्ज करणाऱ्याने एकदा देवासमोर ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं की तो पुन्हा कुठल्या तोंडाने तक्रार करणार? आणि मालकाने म्हटलं की तो पाडायचं कसं टाळणार? गुरव चिडायचा, म्हणायचा, “देवाक संडास-बाथरूमाच्या भानगडीत कित्याक घालतास?” पण दक्षिणा मिळाल्यावर तोही व्हय म्हणायचा. कुठल्याही कोर्टाचा हुकूमनामा इतका पाळला जात नाही. मी हुकूमनामे मिळवले आहेत, म्हणून सांगतो.

मिळवले आहेतच. एका लॉजवाल्याची बाल्कनी मी कोर्टातून वाचवली. पूर्ण. वीतभरसुद्धा पाडू दिली नाही. निकालाच्या दिवशी वाटलं होतं, हा माणूस आता मला खांद्यावर घेईल. त्याने फी दिली आणि “खर्च बरोच झालो” असं म्हणून गेला. तेव्हापासून समोरून आला की फोनवर बोलत असल्याचं दाखवतो. आणि ज्यांच्या भिंती त्या खाकी चड्डीवाल्याने पाडायला लावल्या, ती माणसं दर मे महिन्यात त्यांच्या ओसरीवर हापूसच्या पेट्या ठेवून जायची. मी मोजल्या नाहीत. पण त्या रस्त्याने जाताना मान आपोआप वळायची.

हे सगळं एक वेळ मी पचवलं असतं. पण मग आमच्याच घराला नोटीस आली.

बाबांनी होडी सोडल्यावर मागच्या जागेत, दर्याच्या बाजूला, पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्या. आई माशाचं जेवण करते. संसार त्यावर चालतो, कारण नव्या वकिलाच्या वकिलीवर कोणाचा चालत नाही. मी कोल्हापूरहून परत आलो तेव्हा बाबांनी माझ्यासाठी पुढे रस्त्याकडेला चिऱ्याची एक खोली घातली. ऑफिस. दारावर माझी पाटी लावली, निळ्यावर पांढरी अक्षरं, ॲडव्होकेट असं मोठं लिहिलेलं. धूळ मनस्वी. एसटी वळली की धूर सरळ टेबलावर. मागे माडांच्या सावलीत, खाऱ्या वाऱ्यात पाहुणे झोपायचे, आणि घरातला एकुलता एक पदवीधर पुढे खोकत बसायचा. मी कधी बोललो नाही. पाहुणे पैसे देतात, मी देत नाही, इतका हिशेब मला कळत होता. पण लागलं होतं.

नोटीस आली ती तिन्ही खोल्यांना. अर्ज केला होता बाबांच्या चुलत भावाने, आमच्या शेजारच्या काकाने. त्याचंही न्याहारी-निवास होतं, आणि माझ्या ऑफिसमुळे त्याची पाटी झाकली गेली होती. दोघांत बोलणं बंद.

मी नोटीस वाचली आणि मला आनंद झाला. खरंच आनंद झाला. ती माझ्या आजोबांच्या नावावर होती. मिळकत कागदावर अजून त्यांच्याच नावाने होती, आणि आजोबा वारून जमाना झालेला. मेलेल्या माणसाला नोटीस! इतका देखणा मुद्दा नव्या वकिलाला देव एकदाच देतो. मी बाबांना म्हटलं, “काही काळजी करू नका. कोर्टात जातो. वर्षानुवर्षं कोणी हात लावणार नाही.” बाबा नुसते “बरा” म्हणाले. मी दोन रात्री जागून दावा तयार केला. जो तो खाकी चड्डीवाल्याकडे जातो ना, आता बघा म्हणावं, स्वतःचं घर स्वतः वाचवतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोर्टातून परतलो तर माझ्या ऑफिसच्या दाराला ती छत्री टेकलेली.

आत माझ्या खुर्चीत ते बसले होते. माझ्या टेबलावर, माझ्या दाव्याच्या कागदांशेजारी, आईने दिलेलं बांगड्याचं तिखलं आणि भाकरी. समोर बाबा खाली मान घालून. कोपऱ्यात काका, तोंड भिंतीकडे. दारात नगरपरिषदेच्या इंजिनीअर मॅडम, हातात टेप.

माझ्या बापाने. घरात वकील असताना. त्यांना बोलावलं होतं.

“ये रे,” ते म्हणाले, माझ्याच ऑफिसमध्ये. “तुजी आवस तिखला बरा करता.”

मग छत्री झाली. खोली रस्त्यात एकच छत्री आली आहे, असं त्यांनी जाहीर केलं. काका भिंतीवरून तोंड वळवून ओरडला, “एक? दोन धडधडीत आसत!” बाबा म्हणाले, “दोन खंयसून रे? दीड म्हण!” त्या खोलीत काय चाललंय ते मला एकट्याला कळत होतं, आणि तरी ते चालत होतं. मॅडमनी टेप लावली.

“मागच्या दोन खोल्या शुल्क भरून नियमित होतील,” त्या म्हणाल्या. “ही पुढची होणार नाही. ही रस्त्यासाठी सोडायच्या जागेत आहे. ही काढावी लागेल.”

मी म्हटलं, “एक मिनिट. नोटीस मृत व्यक्तीच्या नावावर आहे. ती मुळातच निरर्थक आहे. उद्या दावा दाखल करतो, मनाईहुकूम घेतो. ही काय, एकही खोली पडणार नाही.”

मॅडमनी नोटिशीवरचं नाव पुन्हा वाचलं. त्यांना ते ठाऊक नसावं. काका म्हणाला, “मगे मी वरच्या कोर्टात जातलंय. मेलंय तरी सोडूचंय नाय.”

आणि ते? बांगड्याचा काटा चोखत म्हणाले, “पॉइंट बरो आसा. माज्या बापाशीकव असो गावलो नसतो. जिंकशीत तू.” हे त्यांनी मनापासून म्हटलं. मी वाट बघत होतो ते शब्द हेच होते आणि ते मिळाले तेव्हा त्यांचा मला काही उपयोग नव्हता, कारण ते माझ्याकडे बघतच नव्हते. ते बाबांकडे बघत होते.

“मी एक इचारू तुका?” ते बाबांना म्हणाले. “तुजी जागा मागे दर्यापर्यंत गेली हा. ही खोली मागे माडांत घातलंस असती तर कोण कुत्रा इचारूक इला नसता. रस्त्यात कित्याक बांदलंस?”

उत्तर मला माहीत होतं. मागची जागा पाहुण्यांची. मी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायला लागलो.

बाबांनी आधी दाराकडे बघितलं. मग म्हणाले, “मागे बांदलंय असतंय तर पाटी कोणाक दिसली असती, वकिलानू?”

“खंयची पाटी?”

“झिलाची.” बाबांनी दाराकडे बोट केलं. “एसटी हयसर वळता. वळताना मंद व्हता. खिडकेतल्या माणसांका नाव वाचूक येता. मी बसान बघून इलंय.”

“म्हणजे?”

“स्टँडार गेलंय, एसटीत बसलंय, हयसून जाताना बघितलंय. पयल्या खेपेक डाव्या बाजूक बसलंय, तर माडाआड गेली. मगे परत येताना दुसऱ्या गाडयेन उजव्या बाजूक बसलंय. तेवा बरी दिसली. कंडक्टर इचारी, खंय उतरतलंस? मी म्हटलंय, खंयच नाय.”

आई दारातून म्हणाली, “म्हणान तेवा कुडाळाक गेलेलंस? बाजार आणूक म्हणान गेलंस आणि कोथिंबिरीची काडी पण नाय हाडलंस! मी दोन दिस भांडलंय!”

“काय सांगणार होतंय तुका?” बाबा म्हणाले.

कोणी हसलं नाही. मी अजून खिडकीबाहेरच बघत होतो, पण आता दुसऱ्या कारणाने.

आधी काकाच बोलला. “सांगूक काय झाला होता रे तुका? माका वाटला माजी पाटी झाकूक बांदलंस.”

“तुजी पाटी झाकूक मी चिऱ्यांचे पैशे घालीन?”

“घालशीत. तू काय कमी नाय.” मग थोडं थांबून, घसा खाकरून, “माज्या गडग्यार लाव तेची पाटी. रस्त्यार्सून दिसता. पण माज्या पाटयेच्या खाली हां. वर नाय.”

बाबांनी वकिलांकडे बघितलं. “पाडूया मगे,” ते म्हणाले. “आता काय.”

मी अजूनही बोलू शकत होतो. दावा टेबलावर होता, सही तेवढी राहिली होती. माझ्या नावाची, माझ्या बापाने कायदा मोडून उभी केलेली खोली मी कोर्टातून वाचवू शकत होतो, आणि ती वाचवण्यासारखी आहे हे मला आत्ताच, पाच मिनिटांपूर्वी कळलं होतं. पण तोवर ते हात धुऊन बाहेर गेले होते. आईने पानावर नारळ ठेवला होता. सगळे चपला काढत होते.

“बा देवा म्हाराजा,” त्यांनी सुरू केलं, “ह्या घरातल्या मेलेल्या आज्याच्या नावान कागद इलो. आजो काय इलो नाय, झील नातू हजर आसत.”

“व्हय म्हाराजा!”

“ह्या बापाशीन झिलाचा नाव चार लोकांका दिसाचा म्हणान सरकारी रस्त्यात खोली घातल्यान.”

“व्हय म्हाराजा!” बाबांचा आवाज, काकाचा, आईचा, आणि दारात टेप गुंडाळत असलेल्या मॅडमचाही.

“ता चुकला.”

इथे सगळे थांबले. कारण बाबा थांबले होते. ते माझ्याकडे बघत होते. वकिलांनी डोळे उघडले नाहीत, पुढचं वाक्यही घेतलं नाही. रस्त्यावरून एक रिक्षा गेली. हा माणूस कोर्टात जात नव्हता, पण साक्षीदाराला वेळ कसा द्यायचा ते त्याला येत होतं.

“व्हय म्हाराजा,” मी म्हटलं.

संध्याकाळपर्यंत चिरे मोकळे झाले. बाबा आणि काका दोघांनी मिळून ते मागे नेऊन रचले. दावा मी फाडला नाही, अजून माझ्याकडे आहे. मेलेल्या माणसाच्या नोटिशीचा मुद्दा पुढे कोणत्याच खटल्यात वापरायला मिळाला नाही, याची हळहळ आहे ती आहेच. आता मी कोर्टामागे भाड्याची खोली घेऊन बसतो. पाटी काकाच्या गडग्यावर, त्या कुंपणाच्या भिंतीवर आहे, ‘एसी, नॉन एसी, घरगुती जेवण’ याच्या खाली. मे महिन्यात पर्यटक मला फोन करून सुरमई थाळीचा दर विचारतात. मी सांगतो, आता पाठ झालाय.

लोक म्हणतात, त्यांनी तुझ्या बापाच्या खोल्या वाचवल्या, दोन घरांचं बोलणं सुरू केलं, आणि तू अजून त्यांच्या नावाने कुरकुरतोस? कुरकुरतो. त्यांना पोचवायला गेलो तेव्हा गाव लोटलं होतं, तेव्हाही कुरकुरतच होतो. खोलीचं मला काही नाही. पण उलटतपासणी मी शिकलोय. माणसाच्या पोटातली गोष्ट प्रश्न विचारून बाहेर कशी आणायची, यावरच माझी भाकरी आहे. त्या खोलीत मी रोज बसत होतो, आणि बाबा रोज त्या दारावरून ये-जा करत होते. ‘रस्त्यात कित्याक?’ एवढाच तर प्रश्न होता. तो माझा होता. तो त्यांनी विचारला, आणि माझ्या बापाने उत्तर दिलं तेही त्यांनाच.